घरची नावं

नावात माणसाचा प्राण असतो, असं जाणते लोक सांगतात. नंदुरबारच्या हेमराजच्या मते नावात निव्वळ आळस असतो. मिरची बाजारासाठी मोबाईल अॅप लिहिताना नावं सुचेनात, तेव्हा त्याने प्रोग्राममध्ये घरचीच घातली होती. बटणाला बायकोचं, मुख्य खात्याला स्वतःचं.

आज त्याने तो प्रोग्राम जावा या संगणकाच्या भाषेतून कोटलिन या नव्या भाषेत नेला. भाषांतराच्या टूलने सगळी नावं नव्या भाषेच्या वळणाने लिहून दिली. ‘कामिनी’ कामिनीच राहिली. ‘हेमराज’चा मात्र ‘अमृत’ झाला. ओळखीपाळखीत अमृत कुणी नव्हता. त्याने हाताने दुरुस्ती केली, टूलने पुन्हा अमृतच केला.

तेवढ्यात कामिनी चहा घेऊन आली, पण उंबऱ्यापर्यंतच. डोक्यावर पदर होता.

“अमृतभाऊ, चहा ल्या. त्या बजारमाईन येतीनच आते,” नवरा बाजारातून येतच असेल अशा सुरात ती म्हणाली.

“अवं, मीच शे ना तुना नवरा!”

“मस्करी नका करू भाऊ,” म्हणत तिने कप खाली ठेवला आणि मागे सरकली.

हेमराजने जुना, मूळ प्रोग्राम उघडून त्यात स्वतःचं नाव शोधलं. उत्तर आलं, ‘या नावाचं काही सापडलं नाही.’

बाहेर फाटक वाजलं. “उनात का तुम्ही?” नवरा आला म्हणून कामिनी लगबगीने दाराकडे गेली.

अॅप पहिल्याच फटक्यात चाललं. एकही चूक निघाली नाही.