मालकांचं नाव

"मालकांचं नाव काय, मावशी?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

लंकाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. ओठांच्या कडेला हसू होतं. भिंतीशी उभ्या असलेल्या रंभाजीनं, म्हणजे तिच्या मालकानंच, श्वास रोखून धरला.

सकाळच्या एस.टी.नं तो तिला या सरकारी दवाखान्यात घेऊन आला होता. डॉक्टर वयानं लहान होते, पण ऐकून घेत होते. देवीची लस आणि कुटुंबनियोजनाची शिबिरं यांतून वेळ काढून एका म्हातारीच्या विसरण्याची चौकशी करणारा डॉक्टर रंभाजी पहिल्यांदाच पाहत होता. म्हणून त्यानं सगळं सांगून टाकलं होतं. चुलीवर रिकामा तवा तापत ठेवून ती ओसरीवर जाऊन बसते. विहिरीवर गेली की परतताना शेजारच्या वस्तीत शिरते आणि त्यांच्याच चुलीपुढं भाकरी थापायला बसते. केव्हाच विकलेल्या म्हशीला हाका मारते. भावकी म्हणत होती, बाहेरचं हाय, देवऋषी बघा. लेक म्हणत होती, वय झालं आईचं. रंभाजीला दोन्ही पटत नव्हतं. पिकावर रोग पडतो तो आधी एखाद्याच पानावर दिसतो, आणि बघायचं असतं ते तेव्हाच, एवढं त्याला शेतीनं शिकवलं होतं.

पण दवाखान्याच्या स्टुलावर बसल्यापासून लंकाबाई निराळीच झाली होती.

"सकाळी काय खाल्लं?" असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाली, "तुमच्यावानी बिस्कुटं न्हाई खाल्ली, डागदर."

"बरं, महिना कुठला चाललाय?"

"आमाला कुठं पगार हाय, महिना ध्यानात ठिवायला?"

कंपाउंडर खो खो हसला. नर्सबाई हसल्या. रंभाजीही हसला. अशी फटकळ, हसरी लंका त्याला कितीतरी दिवसांनी दिसत होती. मग त्याच्या ध्यानात आलं, की तिनं एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. ती नुसती टोलवते आहे. ते सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. पण चारचौघांत जिंकत आलेल्या आपल्याच बायकोला खाली कसं पाडायचं? त्यानं तोंड मिटलं.

आणि आता हा प्रश्न.

"अहो डॉक्टर," पुष्पावती नर्सबाई म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव असं कुणी घेतं का? तुमचं लगीन व्हायचंय अजून, म्हणून विचारता!"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. "तसं नाही हो. मला फक्त बघायचं होतं, त्यांना आठवतंय का."

"आठवतंय म्हणून तर लाजतायत!"

पुन्हा हशा झाला. रंभाजीला लग्नानंतरचा दिवस आठवला. उंबऱ्यात त्याच्या बहिणीनं नव्या नवरीची वाट अडवली होती. नाव घे, मग आत ये. लंका दिवस मावळेपर्यंत दारात उभी राहिली, पण नाव काही तिच्या तोंडून निघालं नाही. शेवटी तिच्या सासऱ्यानं सोडवलं. पुढं सगळा संसार 'आवं' आणि 'ऐकलं का' यावरच झाला. रंभाजी कधीमधी चिडवायचा, "एकदा तरी घे की नाव. कसं लागतं ते ऐकू दे." ती म्हणायची, "तुमी समोर असल्यावर जीभच उचलत न्हाई बघा."

डॉक्टर क्षणभर घुटमळले. त्यांना आणखी काही विचारायचं होतं, हे रंभाजीला दिसलं. पण दारात रडकी पोरं घेऊन बाया ताटकळत होत्या, आणि बाहेर जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"अशक्तपणा आहे," डॉक्टर म्हणाले. "औषध देतो. विसरणं वाढलं तर परत घेऊन या."

रंभाजीनं घरून आणलेल्या बाटलीत कंपाउंडरनं गुलाबी औषध भरलं. ती बाटली धोतराच्या सोग्यात धरून रंभाजी बाहेर पडला, तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. शिकलासवरला माणूस अशक्तपणा म्हणतो, तर अशक्तपणाच असेल. कदाचित आपणच उगा धसका घेतला असेल.

थांब्यावर लिंबाखाली एक बाक होता. तिथं लंकाबाईला बसवून तो गाडीची चौकशी करायला पलीकडच्या हाटेलात गेला. परत आला तर ती घाईनं बाजूला सरकली आणि तिनं पदर सावरला.

"पाव्हणं, कुठलं तुमी?"

रंभाजी हसला. दवाखान्यातली थट्टा अजून चालूच आहे, असं त्याला वाटलं. "घोडेगावचा," तो म्हणाला.

"मग देवावानी भेटलात बघा." तिचा आवाज एकदम खाली आला. डोळे भरून आले होते. "माझा येक निरोप पोचवा. तितं मळ्यात रंभाजी हायेत. रंभाजी गव्हाणे. त्यांना म्हनावं, लंका हितं बसलीय. मला घरची वाट सापडंना. म्हनावं, लवकर न्यायला या."

नाव तिनं स्वच्छ घेतलं. कुठं अडखळली नाही, लाजली नाही.

रंभाजीनं वळून पाहिलं. डॉक्टरांची जीप शिबिराच्या वाटेला लागली होती. मागं नुसती धूळ होती.

"सांगतो," तो म्हणाला, आणि परक्या बाईला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून बाकाच्या पार टोकाला जाऊन बसला.