हमालाचं कार्ड

"कार्ड बदलत नसतं," शिवम म्हणाला आणि त्याने सम्यकचं कार्ड टेबलावरून परत ढकललं.

औरंगपुऱ्यात शिवमच्या घरी, वरच्या खोलीत, दर रविवारी दुपारी हा खेळ चालायचा. शिवम गोष्ट सांगायचा आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतली पात्रं व्हायचे. "आम्हाला काय दिसतं?" असं त्यांनी विचारायचं, शिवमने सांगायचं, मग फासे टाकायचे. प्रत्येक पात्राचं एक कार्ड. त्यावर ताकद, चपळाई, बुद्धी यांचे आकडे आणि जवळचं सामान. कुणी खाडाखोड करू नये म्हणून शिवमने सगळी कार्डं झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणली होती, जणू आधार कार्डंच. सायली वैद्य होती, सत्यम सरदाराचा मुलगा. सम्यक सगळ्यांत शेवटी आला, त्याला शिवमने हमालाचं कार्ड दिलं. ताकद अठरा, बुद्धी चार.

"सहा महिने झाले, त्या मेलेल्या मांत्रिकाच्या पोथ्या मीच वाहतोय," सम्यक म्हणाला. "दर मुक्कामाला सांगतो, माझा हमाल पोथी वाचत बसलाय. तुम्ही हसता. आता त्याला एक तरी मंत्र येऊ दे. ताकदीतले सहा काढ, बुद्धीत टाक."

"पोथ्या वाहून कुणी मांत्रिक होतं व्हय?"

सत्यम फिसकन हसला. सम्यक त्याच्याकडे वळला.

"मग ह्याचं कसं बदललं? दिवाळीपर्यंत धनुष्य चालवत होता. आता तलवार. ह्याला नवीन कार्ड करून दिलंस ना?"

सत्यमने कार्डावर हात ठेवला. पण ते बाकीच्यांपेक्षा बोटभर मोठं होतं, लपणार कुठे?

"त्याचं वेगळं आहे," शिवम म्हणाला. "तो सरदाराच्या घरातला. तलवार त्याच्या रक्तातच होती, उशिरा कळली एवढंच. हमालाच्या रक्तात काय असणार?"

आपण काय बोलून बसलो ते शिवमला कळलं, आणि कळूनही त्याने ते मागे घेतलं नाही. सम्यकला पहिला रविवार आठवला. तेव्हा तीन कार्डं शिल्लक होती. शिवमने आधी "पूर्ण नाव सांग" म्हटलं होतं आणि मग त्या तिनातलं हे काढून दिलं होतं.

"जाऊ दे ना सम्यक," सायली म्हणाली. "खेळच तर आहे."

"खेळच आहे. म्हणून नियमानं खेळतो." सम्यकने शिवमकडे पाहिलं. "आपण आत्ता कुठं आहोत?"

"भुयारात. तिसऱ्या दरवाज्यापाशी. माहीत नाय का तुला?"

"माझा हमाल इथून परत फिरतो."

"एकटा? अंधारात मरशील बे."

"नाय मरणार." सम्यकने आपलं कार्ड त्याच्यासमोर धरलं. "सामान वाच."

शिवमने वाचलं. अक्षर त्याचंच होतं. दोर. सगळ्यांचं पाणी. मांत्रिकाच्या पोथ्या. तेल. कंदील. सगळं ओझं हमालाच्या माथी मारताना त्याने फारसा विचार केला नव्हता.

"कंदील मागंच सत्यमकडं दिला होता, असं धरू," तो घाईने म्हणाला.

"त्याच्या कार्डावर कुठं लिहिलाय?"

शिवमने खिशातलं पेन काढलं आणि सत्यमचं कार्ड पुढे ओढलं. लॅमिनेशनवर शाई धरेना. त्याने दोनदा जोर देऊन गिरवलं, तर सगळं निळं त्याच्याच अंगठ्याला लागलं.

"राहू दे," सम्यक म्हणाला. "कार्ड बदलत नसतं."

त्याने आपलं कार्ड शर्टाच्या खिशात घातलं आणि जिना उतरून गेला. खाली त्याची गाडी सुरू झाली.

"बरं झालं, कटकट गेली," शिवम गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला. पँटला अंगठा पुसत त्याने फासे जवळ ओढले. "चला. तुम्ही दोघं भुयारात उभे आहात."

सत्यमने सवयीने विचारलं, "आम्हाला काय दिसतं?"