टेकडीवरचं निशाण

बायको गेल्यापासून नेवाडातल्या त्या उजाड खोऱ्यात म्हातारा ऑरिन फक्त आपल्या गुरांशी बोलायचा. उन्हाळ्यात सरकारी नकाशा काढायला वेंडेल आला, त्याच्याच घरी उतरला, आणि जेवताना समोर माणूस दिसू लागलं.

काम संपत आलं तसा ऑरिनचा जीव कासावीस झाला. रोज पहाटे तो गुपचूप टेकडीवर जायचा आणि मोजणीसाठी रोवलेलं निशाण उपटून आडवं टाकायचा.

"काय वारं सुटतं हो तुमच्याकडे!" वेंडेल म्हणायचा. "आज परत मोजायला लागणार, बाबा."

"मोज की. घाई कसली? मी घेवडा शिजत टाकतो."

शेवटी एक दिवस साहेबांचा माणूस घोड्यावरून वेंडेलला न्यायला आला. वेंडेल आत सामान बांधत होता, तेवढ्यात ऑरिन ओशाळून त्या माणसाला म्हणाला, "त्याला रागावू नका. उशीर माझ्यामुळे झाला. मोजणीचं निशाण मीच पाडत होतो."

तो माणूस बुचकळ्यात पडला.

"कसली मोजणी? इथला नकाशा तर त्याने गेल्या महिन्यातच पुरा करून पाठवलाय."