सापासाठी थांबलेली लिफ्ट

जुन्या मोबाइलवरचा तो सापाचा खेळ एकदा नीट चालला, तर वासुदेव टिळेकरांच्या पदरात एकच लाभ पडणार होता: जेवताना सुनेच्या हातच्या घासाची वाट पाहावी लागणार नव्हती. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात डॉक्टरांच्या कुठल्याच व्यायामाला दाद देत नव्हता. सापाचा खेळ म्हटलं की मात्र अंगठा हलू पाहायचा.

अडचण होती सोसायटीच्या मेंदूची. घरोघरचं सगळं आता दारं, लिफ्ट, पंखे सांभाळणाऱ्या त्या एकाच यंत्रावर चालायचं; त्यावर खेळ उघडला, की अंगठा हलायच्या आत साप भिंतीवर आपटून मोकळा!

"बाबा, याला हळू चालणं ठाऊकच नाही," सून मृण्मयी म्हणाली.

"मग दमव त्याला. आमच्या वेळी कॉम्प्युटरवर सगळं एकदम उघडलं, की तो धापा टाकायचा."

मृण्मयीने मेंदूला पुढच्या हजार वर्षांचं हवामान मांडायला बसवलं. साप रांगू लागला. लिफ्ट मात्र अडकली, आणि वरच्या मजल्यावरच्या देवस्थळीबाई जिना चढता चढता घामाघूम होऊन दारात उभ्या राहिल्या.

"अहो टिळेकर, तुमच्या सापानं आमची लिफ्ट गिळली की!"

टिळेकरांनी मान वर केली नाही. अंगठा वळला, पाठोपाठ साप वळला. बाईंची नजर त्या हलत्या अंगठ्यावर गेली.

"चालू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त वेळ ठरवा, म्हणजे भाजी आधी आणून ठेवू."

दिवाळीपर्यंत टिळेकर आपल्या हाताने वरणभात कालवू लागले. जेवण्याआधी ते छताकडे पाहून हात जोडत. मृण्मयीला वाटे, देवाला; ते जोडत वरच्या मजल्यांना. हात एकाचा मोकळा झाला होता, गुडघे अख्ख्या इमारतीचे दुखले होते.