जमैकाच्या चालीतलं भीमगीत

"असलं परदेशी गाणं जलशात चालायचं नाही," म्हणत तुळशीरामने ढोलकी खोळीत घातली. पुण्यात शिकणाऱ्या त्याच्या लेकीने, तक्षशिलाने, भीमजयंतीसाठी बापाचंच जुनं गाणं गिटारवर जमैकाच्या रेगे संगीताच्या चालीत बसवलं होतं.

"आबा, जमैकातल्या गुलामांच्या वंशजांनी रेगे घडवलं. ते आपल्याला परकं कसं?" असं म्हणून ती एकटीच मंचावर चढली.

पहिल्याच कडव्याला मागची माणसं निघायला उठू लागली. तुळशीराम मात्र मंडपात कान देऊन बसला. त्याला जाणवलं, लेक गिटार दोन ठोक्यांच्या मधे वाजवते आहे आणि ठोक्याची जागा मोकळी सोडते आहे. एरवी घाईत निसटणारा त्याचा एकेक शब्द आज ठसठशीत ऐकू येत होता.

तो ढोलकी घेऊन मंचावर गेला आणि त्या मोकळ्या जागी त्याने थाप दिली. पुढच्या बायांनी टाळ्यांचा ठेका धरला. उठलेली माणसं उभ्यानेच पालुपद म्हणू लागली.

गाणं संपलं तेव्हा लेकीचे डोळे भरले होते.

"रडू नकोस, लोक पुन्हा म्हणायला सांगताहेत," तुळशीराम म्हणाला. "आणि ते जमैकावाले चामडं कसं वाजवतात, ते उद्या मला ऐकव."