ब्लू मूनचा उपयोग

बरोबर पाच वाजता पुष्पलताने दाराची कडी वाजवली. उशिरा आलेलं मधुकर सरांना खपत नसे.

"या बाई. वही आणली?"

"हौ सर."

चाळीस वर्षांपूर्वी ती लांजीहून बसने याच शिकवणीला यायची. दहावी प्रायव्हेट द्यायची होती. मधेच लग्न झालं आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. सरांची वेताची खुर्ची तेव्हाचीच. बोलताना फळ्यावर ठोकून खडू मोडायची सवयही तेव्हाचीच. केस तेवढे पिकले होते, दोघांचेही.

सरांचा नियमही जुनाच. आधी अर्थ, मग स्वतःच्या वाक्यात उपयोग. ज्या दिवशी दोन्ही बरोबर येतील, त्या दिवशी शिकवणी संपली.

तिला ती संपायला नको होती. दिवसभरात कुणी तिच्याशी धड बोलायचं ते याच एका तासात.

सरांनी फळ्यावर लिहिलं: वन्स इन अ ब्लू मून.

"अर्थ?"

"क्वचित. सठीसहामाशी कधीतरी."

"उपयोग?"

तिने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "माय हजबंड कम्स होम वन्स इन अ ब्लू मून."

सरांचा खडू थांबला. "मलाजखंडले असते काय ते? खाणीत?"

"दूरच असतात."

"त्याईले सांगा, बायकोले असं एकटं ठेवू नये."

"सांगते."

सरांनी तिचं वाक्य फळ्यावर उतरवलं. मग म्हणाले, वाक्य एकदम बरोबर आहे. एवढं चांगलं वाक्य त्यांच्या शिकवणीत कुणी केलं नव्हतं. "म्हणजे बाई, उद्यापासून..."

पुष्पलताने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

"सर, पण ब्लू म्हणजे हिरवा ना?"

सरांनी कपाळावर हात मारला. रागावले, पण चेहरा कसा उजळला होता. पंधरा मिनिटं त्यांनी तिला रंग शिकवले. लाल, निळा, पिवळा. तिने शाळकरी पोरीसारखे सगळे उतरवून घेतले.

"काहून इतक्या वेंधळ्या हो तुम्ही? उद्या परत या. आता निघा, घरचे वाट पाहत असतील."

"हौ सर."

तिने चपला घातल्या, फाटक वाजेल असं ओढून घेतलं. मग अंगणातल्या पेरूच्या झाडाला वळसा घालून त्याच घराच्या मागच्या दाराने आपल्या स्वयंपाकघरात शिरली आणि दोघांपुरती कणीक मळायला घेतली, स्वतःपुरती आणि पुढच्या खोलीत फळा पुसणाऱ्या नवऱ्यापुरती.