दारातली ताटली

विजया चॅपलमध्ये शिरली तेव्हा दाराजवळच्या टेबलावर ताटली नव्हती. ती वेदीवर गेली होती.

पांढुर्ण्याच्या या लहानशा चॅपलची जुनी रीत आहे. ज्याला परमप्रसाद घ्यायचा, त्याने आत येताना डब्यातून चिमट्याने एक होस्तिया, म्हणजे पातळ गोल पाव, उचलून ताटलीत ठेवायची. जेवढी माणसं घेणार, तेवढ्याच होस्तिया वेदीवर जातात. लहानपणी विजयाला हे फार आवडायचं. आता ती सौसरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जे घातलंच नाही ते निघणार नाही, हे तिला कुणी सांगायला नको.

मिस्सेआधी, म्हणजे रविवारच्या उपासनेआधी, अंगणातल्या बदामाखाली बसून तिने फादरांपाशी पापस्वीकार केला होता. डोळे धुवायला ती नळावर थांबली, तेवढ्यात मिस्सा सुरू झाली.

ती मागे सतरंजीवर बसली. शेजारी कलाबाई होत्या, तिच्या आईच्या मैत्रीण.

"आली का वं?" त्या पुटपुटल्या आणि पदर सारखा करून गाऊ लागल्या. जणू मागच्याच रविवारी भेटल्या होत्या.

आईच्या आजारपणात विजयाने खूप प्रार्थना केली होती. आई गेली. त्यानंतर विजयाने चॅपल सोडलं. भांडण नाही, तक्रार नाही. फसलेला प्रयोग बंद करावा तसं. मग गेल्या आठवड्यात लॅबमध्ये एका बाईचा रिपोर्ट चांगला आला. "आता अशीच जामसांवलीले जातो, मारुतीले नारळ फोडाले," म्हणत ती बाई रडत-हसत निघून गेली. विजयालाही आनंद झाला होता. पण तो घेऊन कुठे जावं, ते तिला कळेना.

म्हणून ती आली होती. आणि ताटलीत तिची होस्तिया नव्हती.

पुढच्या रविवारी, तिने स्वतःला सांगितलं. पण आज इथवर यायलाच केवढा धीर लागला होता. तो पुन्हा गोळा होईल, याची तिला खात्री नव्हती.

रांग लागली, सरकली, संपली. माणसं जागेवर परतली. विजया खाली मान घालून बसून राहिली. वेदीवर फादरांनी ताटलीत उरलेली एक होस्तिया उचलली आणि सवयीने स्वतःच्या तोंडाकडे नेली.

"थांबा, फादर!" कलाबाई बसल्या जागेवरून ओरडल्या. "विजयाची आहे ते!"

सगळं चॅपल वळून पाहू लागलं. फादरांचा हात थांबला. त्यांनी विजयाकडे पाहिलं आणि होस्तिया पुढे धरली.

विजया उठली. सतरंजीवरच्या माणसांतून वाट काढत ती वेदीपुढे गेली.

मिस्सेनंतर अंगणात कलाबाई चपला शोधत होत्या.

"मावशी, मी आज येणार हे तुले कसं समजलं?"

"मले कुठं समजलं?" कलाबाईंनी एका पायात चप्पल सरकवली. "मी दर इतवारी दोन ठेवतो. एक माही, एक तुही. तुही फादरच खात होते इतके दिवस. आज पहिल्यांदा त्यायच्या वाट्याले त्यायची एकच आली."